पिवळे औषध आणि जंतूंना होणारा रोग

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर ओसरला आणि पुढचे पंधरा दिवस माझ्या कसबा बावड्यातल्या दवाखान्यासमोर सकाळी आठपासून रांग असे. चिखल्या, जुलाब, ताप, पायात घुसलेले खिळे आणि काचा. घरात आलेला गाळ उपसताना लोकांनी पायात काय घातले होते, किंवा घातले होते की नाही, हे विचारायचे कारणच नव्हते.

त्या रांगेत एक मावशी होत्या. वय साठीच्या आसपास, दहा वर्षांचा मधुमेह, गोळ्या आठवणीने कमी आणि विसरून जास्त. उजव्या पायाच्या करंगळीजवळ पत्र्याने कापले होते. त्यावर लुगड्याचे फडके घट्ट गुंडाळलेले. मला म्हणाल्या, "डॉक्टर, ते तांबडं नको, आग हुतीया. तुमचं ते पिवळं औषध लावा. दुखत काय न्हाई बघा."

दुखत नाही, हे वाक्य मधुमेहाच्या रुग्णाच्या तोंडून आले की डॉक्टरने खुर्चीवरून उठले पाहिजे. पण बाहेर चाळीस माणसे होती. मी बसूनच कंपाउंडरला सांगितले, धनुर्वाताचे इंजेक्शन द्या आणि पिवळी पट्टी करा. पाय मी स्वतः उघडून पाहिला नाही. बारा दिवसांनी त्यांचा मुलगा त्यांना मोटारसायकलवरून घेऊन आला, तेव्हा पट्टी सोडायच्या आधीच खोलीत वास पसरला होता. करंगळी काळी पडली होती, रक्तातली साखर ३८० होती.

त्यांना त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले. पुवाची कल्चर तपासणी झाली, तीत स्युडोमोनास नावाचा जंतू निघाला. कोणते प्रतिजैविक त्याच्यावर चालेल याची जी यादी येते, तीत बहुतेक ओळींपुढे 'चालत नाही' असाच शेरा होता.

मुलगा इचलकरंजीत कापड रंगवण्याच्या प्रोसेसमध्ये कामाला. पोरगा हुशार. माझ्याच दवाखान्यात डोस घेत वाढलेला, म्हणून अजून मला डॉक्टरकाका म्हणतो. त्याने दोन दिवसांनी येऊन दोन प्रश्न विचारले. पहिला, "काका, ते पिवळं औषध म्हणजे रंगच ना? आमच्याकडं असतो तसा? मग तो जंतूला मारतो कसा?" आणि दुसरा, मोबाईलवर काहीतरी वाचून आला होता, "जंतूला खाणारे व्हायरस असतात म्हणं. फाज. ते आईला देता येतील का?"

दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध आहे हे त्याला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही तेव्हा पुरते ठाऊक नव्हते. घरी जाऊन पुस्तके काढली. आजचा लेख त्या वाचनातून आला आहे.

आधी पिवळे औषध. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना दवाखान्यातल्या काचेच्या बरण्या आठवत असतील. लाल मर्क्युरोक्रोम, जांभळे जेन्शन व्हायोलेट आणि पिवळे अॅक्रिफ्लेविन. शाळेत गुडघा फुटला की तिन्हीपैकी एक रंग घेऊनच आपण घरी जात असू. यातले अॅक्रिफ्लेविन हे खरोखर रंगाच्या कारखान्याच्या कुळातले. जर्मनीत पॉल एर्लिख या शास्त्रज्ञाला एक वेड होते. काही रंग शरीरातल्या ठराविक पेशींनाच धरतात हे त्याने पाहिले होते, मग फक्त जंतूला धरणारा आणि माणसाला सोडणारा रंग का नसावा, असा त्याचा विचार. १९१२ साली त्याच्या प्रयोगशाळेत हा पिवळा रंग निद्रारोगाच्या परजीवींवर तपासला गेला. पुढे पहिले महायुद्ध पेटले. खंदकातल्या चिखलाने सडलेल्या जखमांसाठी लंडनमध्ये कार्ल ब्राउनिंग आणि सहकाऱ्यांनी १९१७ साली तोच रंग सुचवला. तिथून तो जगभरच्या दवाखान्यांत पोचला आणि आमच्या बावड्यातही. भाजल्यावर घरोघरी लावले जाणारे बर्नॉल पिवळे दिसायचे, तेही त्याच कुळातल्या अमिनॅक्रिन या द्रव्यामुळे. (भाजल्यावर आधी वीस मिनिटे वाहते साधे पाणी, मलमाचे नंतर बघू. हे मी दर दिवाळीला लिहितो, पुन्हा लिहितो.)

हा रंग करतो काय, याचा उलगडा व्हायला मात्र १९६१ साल उजाडावे लागले. लिओनार्ड लर्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवले की या पिवळ्या रंगाचे रेणू थेट डीएनएमध्ये शिरतात.

डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी, हे चित्र आता शाळेच्या पुस्तकात असते. पण शिडीपेक्षा मला भाकरीच्या चवडीची उपमा बरी वाटते. शिडीच्या पायऱ्या चपट्या असतात आणि एकीवर एक रचलेल्या असतात. दोन पायऱ्यांतले अंतर ०.३४ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पिवळ्या रंगाचा रेणूही चपटा, तीन कड्या एका ओळीत जोडलेल्या, जाडीला जवळपास एका पायरीएवढाच. तो दोन भाकऱ्यांमध्ये केळीचे पान सरकवावे तसा दोन पायऱ्यांमध्ये सरकतो. तिथे चवड तेवढी उंच होते आणि शिडीचा पीळ थोडा सैल पडतो.

मी हे सांगितले तेव्हा त्या मुलाचे डोळे चमकले. तो म्हणाला, "म्हणजे वर बसत न्हाई, आत शिरतो. आमच्यात पण तसंच. वर बसलेला रंग पहिल्या धुण्यात जातो, सुताला आतून धरलेला पक्का." उपमा शंभर टक्के बरोबर नाही, कारण हा पिवळा रेणू डीएनएमधून पुन्हा बाहेरही पडू शकतो. पण रंगपंचमी खेळलेल्या कोणत्याही कोल्हापूरकराला फरक कळेल.

जंतू वाढतो म्हणजे आपल्या डीएनएची नक्कल काढतो. मध्ये असे पान अडकले की नक्कल काढणाऱ्या यंत्रणेचा गोंधळ उडतो. जखमेवरच्या जंतूंची वाढ थांबते. पण इथे दोन अडचणी आहेत. पहिली, रंग जिथे पोचतो तिथेच काम करतो. मावशींच्या पायात जंतू खोल, मासात आणि हाडाजवळ शिरला होता, वर मी पिवळी रंगरंगोटी करत होतो. दुसरी अडचण एर्लिखच्या स्वप्नाचीच. डीएनए जंतूत असते तसे आपल्या पेशीतही असते. म्हणून हा रंग पोटात किंवा शिरेतून द्यायचे औषध होऊ शकला नाही, कातडीवरच राहिला. याच स्वभावाचा इथिडियम नावाचा दुसरा रंग प्रयोगशाळांत डीएनए पाहायला वापरतात, तेव्हा काम करणारे हातमोजे घालतात ते यासाठीच.

आता फाज.

जीवाणूंनाही विषाणूजन्य रोग होतात. आपल्याला गोवर, कांजिण्या तसे त्यांना फाज. सगळ्यात गमतीची गोष्ट अशी की याचा एक पहिला पुरावा आपल्याच देशातला आहे. अर्नेस्ट हॅन्किन नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ आग्र्याला सरकारी नोकरीत होता. त्याने १८९६ साली लिहून ठेवले की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, आणि पाणी उकळले की त्याचा तो गुण जातो. तो नेमका कशाने, हे त्याला कळले नाही. १९१५ साली इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट आणि १९१७ साली पॅरिसमध्ये फेलिक्स द'हेरेल यांना जीवाणू मारणारे हे अदृश्य काहीतरी सापडले. द'हेरेलनेच त्याला बॅक्टेरिओफाज, म्हणजे जीवाणू खाणारा, हे नाव दिले. तेच १९१७ साल, ज्या साली पिवळ्या औषधाचा लेख लंडनला छापून आला.

हा द'हेरेल १९२७ साली भारतात येऊन कॉलऱ्यावर काम करून गेला. मॅलोन आणि लाहिरी यांच्यासोबत त्याने लिहिलेला ग्रंथ १९३० साली निघाला. मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेतल्या नायडू आणि अवारी यांनी प्लेगवर फाज वापरल्याचा निबंध १९३२ साली छापला. म्हणजे मुलाने मोबाईलवर वाचलेले 'नवे' औषध आपल्या आजोबांच्या वेळी महाराष्ट्रात तपासले गेले होते! पुढे सल्फा आले, पेनिसिलिन आले, स्ट्रेप्टोमायसिन आले आणि तो धागा हातातून सुटला.

सुटण्याचे आणखी एक कारण होते आणि त्यातून आपण पुन्हा रंगाकडे वळतो. फाज मोजायचे कसे? साध्या सूक्ष्मदर्शकाखाली २०० नॅनोमीटरपेक्षा लहान वस्तूचा आकार दिसत नाही आणि फाज त्याच्या निम्म्याने. त्या काळी एकच पद्धत होती. बशीत जीवाणूंची दाट साय वाढवायची, त्यावर फाजचे पाणी टाकायचे, आणि सायीला जितकी भोके पडतील तितके फाज धरायचे. ही पद्धत आजही वापरतात आणि ती उत्तमच आहे. पण १९३० च्या दशकात औषध म्हणून बाजारात आलेल्या फाजच्या बाटल्यांची अशी तपासणी सगळेच करत नव्हते. १९३४ साली अमेरिकेत ईटन आणि बेन-जोन्स यांनी फाज उपचारांचा मोठा आढावा घेतला, त्यात पुरावा पुरेसा नाही असेच निघाले. बाटलीत जिवंत फाज किती आहेत हेच माहीत नसेल तर पुरावा येणार कुठून?

आता फाजच्या पोटात पाहू. टी-४ नावाचा फाज सगळ्यात जास्त अभ्यासलेला. त्याचे डोके साधारण ११५ नॅनोमीटर लांब, त्याला शेपूट आणि कोळ्यासारखे पाय. डोके म्हणजे प्रथिनाची डबी आणि आत डीएनए. ते डीएनए सरळ केले तर भरते ५७ मायक्रोमीटर, म्हणजे डबीच्या पाचशे पट. तुमच्या आमच्या मापात सांगायचे तर वीतभर डब्यात चार मिलिमीटर जाडीची शंभर मीटरहून लांब दोरी कोंबलेली. कोंबण्यासाठी फाजकडे एक छोटी मोटारच असते. फाय-२९ नावाच्या दुसऱ्या फाजमध्ये या मोटारीची ताकद २००१ साली मोजली गेली. डबी भरत आली की आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ६० पट होतो. ट्रकच्या टायरमधल्या दाबाच्या सात-आठ पट. फाज जीवाणूवर बसला की याच दाबाच्या जोरावर डीएनए आत शिरायला सुरुवात होते.

आता अशा डबीत रंग शिरेल का? डबीच्या भिंतीतून पाणी, क्षार आणि रंगाचे छोटे रेणू जाऊ शकतात. पण आत गेल्यावर पान सरकवायला भाकऱ्या सरकायला हव्यात आणि इथे जागाच नाही. हंगामात राजाराम कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली आठवा. मोळ्या इतक्या दाबून भरलेल्या असतात की मागून पोरे एक ऊस ओढायला दहा मिनिटे झटतात. त्यात नवा ऊस खुपसायचा झाला तर? अमेरिकेत ग्रीस, सर्वर आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात टी-७ या फाजवर नेमके हेच तपासले. मोकळ्या डीएनएला इथिडियम सहज धरतो. फाजच्या डोक्यातल्या डीएनएला मात्र सावकाश आणि नाखुषीने धरतो. ज्या फाजचे डीएनए थोडे आखूड, म्हणजे डबीत जरा जागा शिल्लक, त्यात रंग लवकर शिरतो. रंग किती वेगाने धरतो यावरून डबी किती गच्च भरली आहे हे कळते. पाहुण्याला बसायला किती वेळ लागला यावरून एसटीतली गर्दी ओळखावी, तसे.

नाखुषीने का होईना, रंग धरतो हे महत्त्वाचे. कारण यातले काही रंग पाण्यात असताना मिणमिणतात आणि डीएनएला धरले की झळकतात. पाण्यात रेणू हलत-डुलत आपली ऊर्जा उधळतो, डीएनएमध्ये घट्ट धरला गेला की तीच ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. सायबर गोल्ड नावाच्या रंगाची चमक अशी हजार पटीहून अधिक वाढते. १९९८ पासून त्याचाच भाऊबंद सायबर ग्रीन वापरून समुद्राच्या पाण्यातले विषाणू मोजतात. पाणी अतिबारीक गाळणीतून गाळायचे, गाळणीवर राहिलेल्यांना अंधारात पंधरा मिनिटे रंग द्यायचा, निळ्या प्रकाशात पाहायचे. हिरवे ठिपके दिसतात. आकार दिसत नाही, ठिपका दिसतो. रात्री बावड्यातून जोतिबाच्या डोंगरावरचा दिवा दिसतो, दिव्याची काच थोडीच दिसते? तसेच. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात असे साधारण एक कोटी विषाणू भरतात आणि त्यातले बहुतेक फाज.

पण इथे एक खोच आहे. रंग जिवंत-मेलेला ओळखत नाही. शेपूट तुटलेला, जीवाणूला धरू न शकणारा फाजही डोक्यात डीएनए असले की तितकाच हिरवा चमकतो. बशीतली भोके मात्र फक्त कामाचे फाज पाडतात. म्हणून दोन्ही मोजण्या हव्यात. ठिपके शंभर आणि भोके पाच, म्हणजे बाटलीत पंचाण्णव निकामी, निदान या जंतूपुरते तरी. रुग्णाला द्यायच्या औषधाबाबत हा फरक किती मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको.

रंग आणि फाज यांच्या झटापटीतून आणखी एक मोठी गोष्ट हाती आली. ती उपचाराची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रोफ्लेविन हा आपल्या पिवळ्या औषधातलाच एक घटक. १९५३ साली डीमार्स, ल्युरिया आणि सहकाऱ्यांनी पाहिले की फाज जीवाणूच्या आत वाढत असताना प्रोफ्लेविन घातला तर पिकलेले फाज तयार होत नाहीत, रिकामी डोकी तयार होतात. डब्या तयार, पण माल भरलेला नाही. आणि रंगाचे प्रमाण कमी ठेवले तर फाज जन्माला येतात, पण काहींच्या डीएनएच्या नकलेत एखादे अक्षर जास्तीचे पडलेले असते किंवा एखादे गळलेले असते.

केंब्रिजला फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि दोन सहकाऱ्यांनी १९६१ साली हीच चूक पकडून डीएनएची लिपी उलगडली. त्यांचा युक्तिवाद मराठीत करून पाहू. समजा भाषेत प्रत्येक शब्द तीनच अक्षरांचा आहे आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही.

रमण परत भजन करत बसत.

पहिल्या शब्दानंतर 'क' हे एक जास्तीचे अक्षर घुसवा आणि तीन-तीन अक्षरे वाचत चला:

रमण कपर तभज नकर तबस त.

पुढचा सगळा मजकूर बिघडला. आता पुढे कुठेतरी एक अक्षर गाळा, समजा भजनातला 'ज':

रमण कपर तभन करत बसत.

मधले दोन शब्द गेले, शेवट सावरला. आणि गाळण्याऐवजी आणखी दोन अक्षरे, 'ल' आणि 'व', घुसवली तर? एकूण तीन जास्तीची:

रमण कपर तलभ जवन करत बसत.

शेवट पुन्हा सावरला! एक जास्त म्हणजे बिघाड, दोन जास्त म्हणजे बिघाड, तीन जास्त म्हणजे बरेचसे ठीक. टी-४ फाजमध्ये असेच घडते हे त्यांनी दाखवले आणि त्यावरून निष्कर्ष काढला की डीएनएची भाषा तीन-तीन अक्षरांत वाचली जाते. त्यांच्या खेळाची सुरुवात ज्या बिघडलेल्या फाजपासून झाली, तो प्रोफ्लेविनने बिघडवलेला होता. दवाखान्यातल्या पिवळ्या बाटलीचा हा पराक्रम मला वैद्यकीय महाविद्यालयात कोणी सांगितला नव्हता. निदान मी हजर असताना तरी नाही.

रंगाला प्रकाशाची जोड मिळाली की तो आणखी खतरनाक होतो. निळा मेथिलीन ब्ल्यू डीएनएला धरून बसला असताना त्यावर प्रकाश टाकला, की ऑक्सिजनचे एक जहाल रूप तयार होते आणि ते डीएनएची मोडतोड करते. युरोपातल्या काही देशांत रक्तातला प्लाझ्मा विषाणूमुक्त करायला ही युक्ती वापरतात. आपल्याकडे कोडावर बावचीचे तेल लावून उन्हात बसायला सांगतात, त्याचे शास्त्रही याच अंगाने जाते. बावचीतले सोरालेन डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरते आणि सूर्यातल्या अतिनील किरणांनी शिडीच्या दोन्ही बाजू एकमेकींना जखडतात. त्याचेच कृत्रिम भावंड रक्तपेढ्यांत प्लेटलेटच्या पिशव्या निर्जंतुक करायला वापरले जाते. पण म्हणून बावची लावून मनाने दुपारभर उन्हात बसू नका. असे फोड आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आता मुलाचा दुसरा प्रश्न. आईला फाज देता येतील का?

मी त्याला जे सांगितले ते असे. फाज खरे आहेत आणि स्युडोमोनासला खाणारे फाजही आहेत. ते सापडतात कुठे, तर जिथे तो जंतू सापडतो तिथेच. म्हणजे सांडपाण्यात. जयंती नाल्यात किंवा आपल्या बावड्याच्या सांडपाणी केंद्राकडे येणाऱ्या पाण्यात शोधणाऱ्याला नक्की मिळतील. जॉर्जियात तिबिलिसीला एलियावा संस्था १९२३ पासून हे काम करते. अमेरिकेत २०१६ साली टॉम पॅटरसन या प्राध्यापकांना, सगळी प्रतिजैविके हरल्यावर, शिरेतून फाज दिले आणि ते वाचले. पण प्रत्येक फाजला ठराविक जंतूच लागतो, कधी कधी त्या जंतूचा ठराविक वाणच. आईच्या पायातल्या जंतूवर चालणारा फाज शोधायचा, वाढवायचा, त्यात मेलेल्या जीवाणूंचे विष राहू नये म्हणून शुद्ध करायचा, मोजायचा. आपल्याकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवून मिळणारी ही वस्तू नाही. आणि आईच्या पायाकडे इतका वेळ नाही.

"मग नदीचं पाणीच लावलं तर?" त्याने अर्धवट चेष्टेत विचारले. चेष्टेत असले तरी उत्तर दिले पाहिजे, कारण हॅन्किनची गोष्ट ऐकून असे करणारे भेटतात. नदीत फाज असतात तसे जंतू असतात आणि काविळीचे विषाणूही असतात. इचलकरंजीने २०१२ साली काविळीची साथ सोसली आहे. फाज जीवाणू खातो, काविळीच्या विषाणूला तो हातही लावत नाही. पाणी उकळूनच प्यायचे आणि जखम उकळून गार केलेल्या किंवा सलाईनच्या पाण्यानेच धुवायची.

तो गप्प बसला. मग म्हणाला, "काका, पहिल्या दिवशी पाय बघितला असता तर?"

मी खोटे बोललो नाही. बघितला असता तर त्याच दिवशी पाठवले असते, असे सांगितले. तो पुढे काही बोलला नाही आणि आजतागायत त्याने तो विषय काढलेला नाही.

रुग्णालयात इन्सुलिनने साखर ताब्यात आणली, यादीत उरलेल्या दोन औषधांपैकी एक शिरेतून दिले आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट काढावे लागले. पाय वाचला. जखम भरायला दिवाळी उलटून गेली.

तेव्हापासून दवाखान्यात एक बदल केला आहे. पायाला काहीही झालेला मधुमेहाचा रुग्ण आला की आधी दोन्ही पाय उघडे करून स्टुलावर ठेवायचे, मग मी बघेपर्यंत पट्टी करायची नाही. कंपाउंडरला सक्त ताकीद आहे. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री झोपताना तळपाय आरशात बघावा किंवा घरातल्या कोणाकडून बघून घ्यावा. जखम दिसली आणि दुखत नसली तर जास्त घाईने यावे.

पिवळी बाटली मी आता ठेवत नाही, तिच्याहून बरी औषधे आहेत. जांभळ्याबद्दलही सांगून टाकतो. तान्ह्या बाळाचे तोंड आले की आत जेन्शन व्हायोलेट लावायची आपल्याकडे जुनी पद्धत. तोही डीएनएला धरणारा रंग आहे आणि कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ साली त्याच्या कर्करोगकारक शक्यतेबद्दल लोकांना सावध केले. एकदोनदा लावले गेले असेल तर घाबरू नका, पण आता त्यासाठी बुरशीवरची चांगली औषधे मिळतात, ती विचारून घ्या.

मावशी दर महिन्याला साखर तपासायला येतात. आल्या की न सांगता चप्पल काढतात आणि पाय स्टुलावर ठेवतात. गेल्या खेपेला टाचेला बारीक भेग होती. मी तांबडे औषध लावले. म्हणाल्या, "आग हुतीया ओ." म्हटले, होऊ दे. आग कळते आहे ना?

"थोडी थोडी," मावशी म्हणाल्या.